गॉगलवरचे पुसलेले आकडे

“मॅडम, जरा बाहेर येता का?”

योगेश वानखेडे माझ्या केबिनच्या दारात उभा होता. बोलत माझ्याशी होता, पण बघत होता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. उजवा डोळा हाताने झाकायचा, बघायचा. हात काढायचा, पुन्हा झाकायचा. मी ड्रॉइंगवरून मान वर न करता म्हणाले, “सुट्टी पाहिजे असेल तर साहेबांना विचार. आज मला वेळ नाही.”

खरंच नव्हता. खाली डेमो रूममध्ये क्लायंट येऊन बसला होता आणि ते मशिन मी डिझाइन केलेलं होतं.

“सुट्टी नको मॅडम. डाव्या डोयात काहीतरी काळं दिसून राह्यलं.”

योगेश अमरावतीकडचा. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली. कंपनीत तो आमच्यासारखंच बोलतो, खरं तर आमच्यापेक्षा जरा जास्तच शुद्ध. पण घाबरला की त्याचं वऱ्हाडी बाहेर येतं. ते कानावर पडलं आणि मी पेन खाली ठेवलं.

आमची कंपनी हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली, छोटीशी. आम्ही लेझर मार्किंगची मशिन बनवतो. बेअरिंगवर किंवा गाडीच्या पार्टवर बारीक नंबर कोरलेला असतो, तो कोरणारं मशिन. त्यातल्या लेन्स आणि आरसे कुठे, कसे बसवायचे हे मी ठरवते. आणि मी कागदावर ठरवलेलं प्रत्यक्षात बसवतो तो योगेश. या कामाला अलाइनमेंट म्हणतात. लेझरचा किरण प्रत्येक लेन्सच्या बरोबर मध्यातून गेला पाहिजे. केसभर सरकला तरी कोरीव काम एका बाजूला फिकं येतं. बसवताना खरा लेझर बंद ठेवतात आणि त्याच्याच वाटेने एक मंद लाल किरण सोडतात. योगेश मायक्रोस्कोपच्या आयपीसला डावा डोळा लावतो, हाताने स्क्रू फिरवतो आणि किरण जागेवर आणतो. दुसऱ्या कुणाला जे काम दिवसभर पुरतं, ते त्याचं जेवणाच्या सुट्टीआधी झालेलं असतं. त्याचा पगार, त्याचा कंपनीतला मान, सगळं त्या डाव्या डोळ्यावर चालतं.

“कधीपासून?”

“सकाळपासून. डेमोच्या मशिनचा फोकस सेट करत होतो, स्टीलच्या पट्टीवर. आधी वाटलं, ट्यूबलाइटकडे बघितलं असेल म्हणून. जाईल म्हटलं. जातच नाही.”

“गॉगल होता?”

“होता की. गॉगल घातल्याशिवाय मी मशिनचं दार उघडत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

माहीत होतं. तीच तर अडचण होती. गॉगल न घालणारा माणूस असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते आणि निदान कारण तरी कळलं असतं. गॉगल घातलेल्या माणसाला काळं का दिसावं?

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. आमच्या धंद्यात लेझर आकड्याने ओळखला जातो. तो आकडा नॅनोमीटरमध्ये असतो, म्हणजे त्या प्रकाशाच्या लाटेची लांबी. आपल्या डोळ्यांना साधारण चारशे ते सातशेपर्यंतचं दिसतं, जांभळ्यापासून लालपर्यंत. आमचा मार्किंग लेझर एक हजार चौसष्टचा. तोंडी सगळे त्याला टेन सिक्स्टी-फोर म्हणतात. तो दिसत नाही. लालच्या पलीकडचा, म्हणून इन्फ्रारेड, आयआर. लोकांना वाटतं, दिसत नाही म्हणजे सौम्य असेल. उलट आहे. दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. आणि डोळ्याच्या लेन्सला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. ती तो किरण इमानदारीने गोळा करते आणि थेट मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एका टिंबात आणून सोडते. रेटिनाला वेदना कळत नाहीत. तिथे भाजलं तर माणसाला नंतर कळतं, ठिपका दिसायला लागल्यावर.

दुसरी गोष्ट ओडी. पूर्ण नाव ऑप्टिकल डेन्सिटी. गॉगल किती प्रकाश अडवतो, ते सांगणारा आकडा. ओडी एक म्हणजे दहातला एक भाग आत येतो. ओडी दोन म्हणजे शंभरातला एक. असं करत ओडी सातला पोचलं की कोटीतला एक. आमचे मार्किंगचे गॉगल ओडी सातचे. पण हा सातचा आकडा ठरावीक नॅनोमीटरपुरताच खरा असतो. दुसऱ्या लेझरपुढे तोच गॉगल जवळपास साधी काच ठरू शकतो. काच किती गडद दिसते यावर काहीच अवलंबून नाही. म्हणून प्रत्येक गॉगलच्या फ्रेमवर दोन्ही आकडे छापलेले असतात, कुठल्या लेझरसाठी आणि किती ओडी.

“कुठला घातला होतास?”

“रॅकवरचा. हाताला आला तो.”

“त्यावर काय लिहिलं होतं?”

योगेशने नकारार्थी मान हलवली. मी उठले आणि जवळजवळ पळतच रॅककडे गेले.

रॅकवर दोनच गॉगल लटकत होते. बाकीचे डेमो रूममध्ये गेले होते. मी एक काढला आणि ट्यूबलाइटखाली धरून फ्रेम फिरवून बघितली. काही नाही. स्वच्छ. आतली बाजू बघितली, काचेची कड बघितली. दुसरा घेतला. त्याच्यावर कधीकाळी काहीतरी छापलेलं होतं एवढंच समजत होतं, एक पांढुरकी सावली. आकडा वाचता येईना. दोन्ही गॉगल फिकट हिरवट, एकाच घाटाचे, आणि दोन्ही कसे लखलखीत. आमच्या कंपनीत सगळंच लखलखीत असतं.

ते का, तेही सांगते. ऑप्टिक्समधल्या माणसाचा शत्रू म्हणजे धूळ आणि बोटांचा ठसा. लेन्सवर ठसा राहिला तर लेझर तो तिथेच जाळतो आणि लेन्स जाते. म्हणून नव्या माणसाला आम्ही सगळ्यात आधी पुसायला शिकवतो. आयपीए नावाचं स्पिरिटसारखं द्रव असतं. लेन्सचा मऊ टिश्यू त्यात भिजवायचा आणि एका दिशेने ओढायचा. पुढे हाताला अशी सवय लागते की माणूस समोर येईल ते आयपीएने पुसतो. टेबल, कीबोर्ड, मोबाइल. मी स्वतः एकदा डब्याचं झाकण पुसलेलं आहे. गॉगलवर घाम आणि तेलकट डाग बसतात, तेही रोज पुसले जात होते. आणि छापलेली शाई आयपीएपुढे किती दिवस टिकणार?

एवढ्यावर भागलं असतं. दोन्ही गॉगल टेन सिक्स्टी-फोरचेच असते तर आकडे गेले तरी काच तीच होती. पण मला खंडेनवमी आठवली.

दसऱ्याला माझी सुट्टी ठरलेली, आमच्याकडे तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. आदल्या दिवशी खंडेनवमीला मात्र मी कंपनीत असते आणि पेढेही खाते. त्या दिवशी कारखान्यात काम बंद. सगळी हत्यारं, मशिन, मीटर धुऊनपुसून पूजेला मांडतात, झेंडूची फुलं वाहतात. या वर्षी कुणीतरी गॉगलही सगळे काढले. दोन्ही विभागांचे. मार्किंगचे टेन सिक्स्टी-फोरवाले आणि डायोड बेंचचे दोन आठशे आठवाले. आठशे आठ नॅनोमीटरचा डायोड हा वेगळा लेझर, त्याचे गॉगल वेगळे, पण तेही फिकट हिरवट. सगळे छान पुसून एका ताटात मांडले होते, त्यावर फूल. मी बघितलं होतं. चांगलं दिसत होतं. पूजा झाल्यावर ते सगळे एकाच रॅकवर टांगले गेले.

“योगेश, डेमोला आत्ता किती जण आहेत?”

“साहेब आणि क्लायंटचे पाटणकर साहेब. दार उघडं ठेवून दाखवून राह्यले. त्यांना मोबाइलवर शूटिंग पाहिजे होतं.”

मशिनला दार असतं आणि दाराला स्विच. दार उघडलं की लेझर आपोआप बंद पडतो, त्याला इंटरलॉक म्हणतात. त्या स्विचवर एक छोटं चुंबक चिकटवलं की मशिनला वाटतं दार बंदच आहे. हे करायचं नसतं. हे सगळीकडे करतात. मी एवढ्या कंपन्यांत गेले, सर्व्हिस इंजिनिअरच्या खिशात पाकीट नसेल एक वेळ, पण चुंबक असतं.

मी जिना उतरले. डेमो रूमचं दार ढकललं. पाटणकर नावाचे ते गृहस्थ मशिनच्या उघड्या दारात वाकून मोबाइल धरून उभे होते. खाली चकचकीत स्टीलची पट्टी, त्यावर नंबर कोरला जात होता. नाकावर फिकट हिरवा गॉगल. मी कुणाशी काही न बोलता मशिनचं लाल बटण दाबलं. घरघर थांबली.

“कांबळे मॅडम?” साठे साहेब म्हणाले. आमचे मालक. आवाज एकदम गोड होता, म्हणजे ते भयंकर चिडले होते.

“अहो मॅडम, रेकॉर्डिंग चालू होतं,” पाटणकर म्हणाले.

“ते बंद पडलं तर पुन्हा करता येईल. आपल्याला सगळं नीट दिसतंय ना? दोन्ही डोळ्यांनी?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग साठे साहेबांकडे. “दिसतंय. का?”

“चांगलं आहे. चहा घ्या.”

साहेबांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं नाही एवढंच. पॅसेजमध्ये योगेश भिंतीला टेकून उभा होता, एक डोळा झाकून. मी दोन वाक्यांत सांगितलं काय झालंय ते.

“अर्धा तास,” साहेब म्हणाले. “क्लायंट जाऊ दे. मग आपण बघू सगळं. त्याला बसव जरा, डोळ्यांवर पाणी मारायला सांग.”

“त्याच्या डोळ्यात कचरा गेलेला नाही, साहेब.”

“लेझरच कशावरून? ही मंडळी घरी मोबाइल बघत बसतात तासन्‌तास.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मुळात शांत बाई नाही. पण ओरडले असते तर पाटणकरांना ऐकू गेलं असतं आणि विषय भलतीकडे गेला असता. मी हळू आवाजात विचारलं, “साहेब, आपल्याकडे एलएसओ कोण आहे?”

एलएसओ म्हणजे लेझर सेफ्टी ऑफिसर. अशा ठिकाणी तो नेमावा लागतो. मोठ्या कंपनीत त्याला वेगळा माणूस असतो. आमच्याकडे नावापुरते साठे साहेबच होते.

ते डेमो रूमच्या काचेकडे बघायला लागले.

“गॉगलवरचे आकडे पुसले गेलेत. दोन्ही जातीचे एकत्र टांगलेले आहेत. क्लायंटच्या नाकावर कुठला आहे, हे तुम्हाला माहीत असेल तर डेमो चालू करा. मी योगेशला घेऊन चाललेय.”

साहेबांनी योगेशकडे पहिल्यांदा नीट बघितलं. योगेश त्यांच्याकडे बघून कसनुसं हसला. मग साहेब आत गेले. त्यांनी पाटणकरांच्या हातातून गॉगल घेतल्याचं मी काचेतून पाहिलं आणि निघाले.

सोलापूर रस्त्याला नेहमीसारखी गर्दी. माझी गाडी छोटी, तरी सरकेना. योगेश शेजारी बसून दुकानांच्या पाट्या वाचत होता. एकदा दोन्ही डोळ्यांनी, एकदा नुसत्या डाव्याने.

“वाचू नकोस. डोळे मिट.”

“मिटले तरी दिसते ना मॅडम ते. मिटल्यावर उजळ होते.” तो पुन्हा एका पाटीकडे वळला. “पाटीतलं मधातलं अक्षरच नाही राहत. बाजूचे दिसते. जिथं बघतो तिथंच नाही.”

हे मला नको होतं. जिथं बघतो तिथेच नाही, म्हणजे रेटिनाचा मधला भाग. अक्षरं, चेहरे, सुईचं नेढं, हे सगळं आपण त्या इवल्याशा मधल्या भागाने बघतो. तो भाजला तर चष्म्याने काही होत नाही. हे मला माहीत होतं आणि त्याला सांगायचं नव्हतं. मी सिग्नलवर उगाच हॉर्न वाजवला.

त्याचा फोन वाजला. बायको, कविता. ती खराडीला एका कंपनीत पेरोलचं काम बघते. त्याने फोन कट केला.

“तिले सांगू नका मॅडम.”

“मी कशाला सांगू? तूच सांगणार आहेस. पण आधी डॉक्टर काय म्हणतात ते कळू दे.”

“माझं अलाइनमेंट जाईल का हो?”

मी म्हणाले, “आत्ता तपासू, मग बोलू.” दुसरं काय म्हणणार? खोटा धीर द्यायला मला जमत नाही. त्या दिवशी जमलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

कॅम्पातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात रेटिनाच्या डॉक्टर शेख होत्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आधी योगेशला अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. उजव्या डोळ्याने तो शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचत गेला. डाव्याने वरच्या ओळीत अडखळला. मान तिरकी करून बघायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, “मान सरळ.” मग त्याला आणखीनच वाचता येईना.

“पॉइंटर होता का? मुलं खेळतात तो?” त्यांनी मला विचारलं.

“नाही. मार्किंग लेझर. टेन सिक्स्टी-फोर, पल्स्ड.” पल्स्ड म्हणजे सलग न येता ठोक्याठोक्याने येणारा. प्रत्येक ठोका अतिशय छोटा आणि त्यामुळे जास्त घातक.

“थेट?”

“नाही. स्टीलच्या पट्टीवरून उडून आलेला.”

“गॉगल?”

“होता. पण तो किती अडवत होता ते माहीत नाही.”

“असं कसं माहीत नाही?”

“त्यावरचे आकडे पुसले गेलेत.”

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. “आमच्याकडे औषधाच्या बाटलीवरचं लेबल गेलं तर आम्ही बाटली फेकून देतो,” त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

त्यांनी डोळ्यात थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या व्हायला आम्हाला बाहेर बसवलं. मग आत बोलावलं. ओसीटी करायची होती. ओसीटीमध्ये रेटिनाचा आडवा छेद दिसतो, डोळ्याला हात न लावता. एक मंद प्रकाश आत सोडतात, तो रेटिनाच्या वेगवेगळ्या थरांवरून परत येतो, आणि कुठला थर किती खोल आहे ते मशिन काढतं. तंत्र आमच्याच विषयातलं आहे, म्हणून मला त्याचं कौतुक. योगेशला नव्हतं. हनुवटी टेकवायच्या पट्टीपाशी तो येऊन थांबला आणि बसेचना.

“बसा ना,” डॉक्टर म्हणाल्या.

“यातून काय येते?”

“प्रकाश येतो. काही होत नाही.”

“किती नॅनोमीटर?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. सकाळी गॉगल न वाचता घातलेला माणूस आता हॉस्पिटलच्या मशिनचे नॅनोमीटर विचारत होता. मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. कुणी काही म्हणण्याआधी मीच बोलले, “आठशेचाळीसच्या आसपास असेल. पण हा आपल्यासारखा लेझर नाही रे. एसएलडी आहे. एक साधा डायोड, एलईडीचा थोरला भाऊ म्हण. पॉवर एक मिलिवॉटसुद्धा नाही. आपल्या मशिनची वीस वॉट आहे, तूच हिशेब कर.”

त्याने मनात हिशेब केला असावा. मग बसला. हनुवटी टेकवली. डोळा मात्र मिटायला बघत होता. डॉक्टर दर वेळी म्हणत होत्या, “उघडा ठेवा, हिरव्या फुलीकडे बघा.” आणि तो दर वेळी म्हणत होता, “फुली दिसत नाही.”

रिपोर्टची वाट बघत बाहेर बसलो होतो तेव्हा साठे साहेबांचा फोन आला. क्लायंटला त्यांनी परत पाठवलं होतं. नंतर स्वतः डार्करूममध्ये बसून एकेक गॉगल तपासला होता. बेंचवर टेन सिक्स्टी-फोरचाच एक छोटा, कमी पॉवरचा लेझर असतो. त्याच्यापुढे गॉगल धरायचा आणि मागे पॉवर मीटर ठेवायचा. किती आत येतंय ते मीटर सांगतो. साहेब मूळचे ऑप्टिक्सचेच. मालक झाल्यापासून बेंचवर बसलेले मी पाहिले नव्हते.

“बाकीचे ठीक आहेत,” ते म्हणाले. आवाज बसला होता. “दोन गॉगल डायोडचे निघाले. ओडी सात नाही, कांबळे. दोन. ओडी दोन.”

“कुठले दोन?”

“एक रॅकवरचा.” ते थांबले. “एक पाटणकरांच्या नाकावर होता. त्यांनाही डोळे दाखवायला सांगितलंय. त्यांना काही त्रास नाही म्हणतात. तो कसा आहे?”

मी म्हटलं, कळेल आता.

ओडी दोन म्हणजे शंभरातला एक भाग आत. ऐकायला किती कमी वाटतं. पण हा लेझर स्टील कोरतो. स्टील कोरणाऱ्याचा शंभरावा भाग डोळ्याच्या पडद्याला पुष्कळ झाला.

योगेशने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. त्या बाहुल्या मोठ्या झालेल्या डोळ्यांनी त्याला धड काही दिसत नव्हतं. तो माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाला, “ते आकडे मीच पुसले होते, मॅडम.”

“काय?”

“खंडेनवमीले. सगळे गॉगल मीच पुसले. थोडे थोडे आकडे होते काहींवर. टिश्यू काळा झाला होता. मले वाटलं मळ आहे.”

तो रडत नव्हता. त्याच्या आवाजात एक प्रकारचं आश्चर्य होतं. कंपनीत सगळ्यात स्वच्छ हात त्याचा. पुसण्यावरून त्याला कधी कुणी बोललं नव्हतं, उलट नव्या लोकांना आम्ही त्याचंच उदाहरण देतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी रागही आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. पुसायला तर सगळेच शिकवतात. काय पुसायचं नाही, हे कुणी शिकवत नाही.

डॉक्टरांनी स्क्रीनवर चित्र दाखवलं. चिरोटा मधोमध कापला की पदर दिसतात, तसे रेटिनाचे पदर. नीटनेटके, एकावर एक. एका जागी मात्र खालचे पदर वितळल्यासारखे एकमेकांत मिसळले होते. जागा अगदी छोटी होती.

“हा मध्य,” डॉक्टरांनी पेनाने दाखवलं. “आणि ही भाजलेली जागा. मध्याला खेटून आहे, मध्यावर नाही. सूज आली म्हणून आता मधलंही अंधूक दिसतंय. सूज उतरेल. मधलं बरंचसं परत येईल असं वाटतं. पण जो भाग जळलाय, तो जळलाय.”

“पुरता बरा होणार नाही?” योगेशने विचारलं.

“पुरता नाही,” त्या म्हणाल्या. गोळ्या लिहून दिल्या आणि चौकटींची जाळी छापलेलं एक कार्ड दिलं. रोज एक डोळा झाकून मधल्या टिंबाकडे बघायचं आणि कुठल्या रेघा तुटलेल्या दिसतात ते तपासायचं.

पायऱ्यांवर बसून योगेशने कविताला फोन लावला. मी गाडी काढायला गेले, मुद्दाम सावकाश गेले. परत आले तेव्हा तो म्हणाला, “येऊन राह्यली ती. खराडीहून निघाली.” मग आम्ही दोघं फाटकापाशी तिची वाट बघत उभे राहिलो. ती रिक्षातून उतरली, थेट त्याच्याजवळ गेली आणि त्याची हनुवटी धरून दोन्ही डोळ्यांत बघितलं. बाहेरून काहीच दिसत नाही, असं तिने मला दोनदा सांगितलं. दिसत नाहीच. डोळा बाहेरून अगदी चांगला आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. पाटणकरांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. ते पट्टीकडे बघत नव्हते, मोबाइलच्या स्क्रीनकडे बघत होते, तेवढ्याने वाचले. मशिन त्यांनी घेतलं, पण डेमो पुन्हा बघितला तो दार बंद ठेवून. योगेशची सूज उतरली. कार्डावरच्या तुटक्या रेघा कमी कमी होत एका जागी येऊन थांबल्या, आणि त्यानंतर हलल्या नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, मेंदू ती जागा स्वतःच भरून काढायला शिकतो, काळं दिसायचं बंद होतं. ते खरं झालं. मात्र मेंदू ती जागा अंदाजाने भरतो. आयपीसमध्ये किरण मध्यापासून जरा सरकलेला असला की योगेशच्या डाव्या डोळ्याला तो तिथे दिसतच नाही, आणि काही चुकलंय असंही वाटत नाही. हे त्याचं त्यालाच लक्षात आलं. एकदा त्याने नीट बसवलेलं मशिन तिरकं निघालं, तेव्हा. त्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “मॅडम, हा डोळा आता खोटं बोलतो.”

त्यानंतर तो उजव्या डोळ्याने काम शिकला. नव्याने. पहिल्या दिवसाच्या माणसासारखा. पूर्वी जे जेवणाच्या सुट्टीआधी व्हायचं, त्याला आता संध्याकाळ होते. साहेबांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलेलं नाही. दारांवरची चुंबकं त्यांनी स्वतः फिरून गोळा केली.

गॉगल सगळे नवे आणले आहेत. आकडे छापलेले नकोत, फ्रेममध्ये कोरलेले हवेत, असं मी सांगितलं. सप्लायर म्हणाला, कोरून मिळत नाहीत. मग आम्हीच कोरले, आमच्याच मशिनवर. त्याचं अलाइनमेंट योगेशने केलं. त्याला संध्याकाळ झाली आणि आकडे एका बाजूला किंचित फिके आले आहेत. मी बघितले, वाचता येतात. मी गॉगल तसेच टांगले, दोन जातींचे दोन वेगळ्या रॅकवर.